लिंबू लावलेला चाकू

कमलेश काहीच करत नव्हता, हीच माझी अडचण होती.

आमची बिल्डिंग अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. खाली एक सलून आहे. सलूनच्या दारात ॲक्टिव्हा लावून तो रोज संध्याकाळी तिच्यावर बसायचा आणि शेंगा सोलायचा. मी कंपनीतून परत आलो की माझ्याकडे बघायचा. रागानं नाही. आपण बुक केलेली रिक्षा हीच का, म्हणून माणूस नंबर प्लेट बघतो, तसं. मग हातावरची टरफलं फुंकायचा. संपलं. एवढ्यावर कोणी कोणाची तक्रार करत नाही.

दीड वर्षापूर्वी ह्याच कमलेशनं आमच्या शेजारच्या मालिनीकाकूंच्या गळ्यातली चेन ओढली होती. भरदुपारी, गेटसमोर. काकू तोंडावर पडल्या, मनगट मोडलं. तो मागून आला, त्यामुळे त्यांना फक्त रस्ता दिसला. चेहरा पाहिला तो मी. मी गॅलरीत बनियन वाळत घालत होतो. त्याच्या हेल्मेटची काच वर होती. त्यानं वर पाहिलं, मी खाली पाहिलं, बनियन खाली पडलं. पोलिसांनी कोणी पाहिलंय का विचारलं तेव्हा मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता, ती हौस त्या दिवशी फिटली. पुढे ओळखपरेडमध्येही मी त्याच्याकडेच बोट केलं. तो आत गेला, जामिनावर बाहेर आला, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

मग समन्स आलं. अठ्ठावीस तारखेला उल्हासनगरच्या कोर्टात साक्षीला यायचं. समन्स आलं त्याच संध्याकाळी सलूनसमोर ॲक्टिव्हा आली.

एकदा माझं कंपनीचं ओळखपत्र कुठंतरी पडलं. दुसऱ्या दिवशी आईनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. खाली एक मुलगा उभा असतो, त्यानं वर आणून दिलं म्हणाली. काकू, महेंद्रचं आहे, म्हणाला, आणि पाणीसुद्धा घेतलं नाही. आईला तो फार वळणाचा वाटला. मी भात तसाच ठेवून दाराच्या कड्या तपासल्या. त्याला आमचा मजला माहीत होता, माझं नाव माहीत होतं, आणि त्याला तहान लागली नव्हती.

समन्स घेऊन आलेल्या हवालदारांना मी फोन केला. त्यांनी विचारलं, धमकी दिली का? नाही म्हटलं. मारलं का? नाही. मग केलं काय? मी म्हटलं, माझं ओळखपत्र परत दिलं. पलीकडे त्यांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले की काही बोलला, हात लावला, तर लगेच कळवा. त्यांचंही बरोबर होतं. टरफलं फुंकण्याला कलम नाही.

तेव्हा मी चाकू घ्यायचं ठरवलं.

ह्या विषयातला माझा जाणकार म्हणजे अवधूत. आम्ही दोघं एमआयडीसीत बिस्किटांचे खोके तपासतो. खोका चौकोनी आहे का ते बघायचं. असतोच. त्यामुळे अवधूतला व्हिडिओ बघायला भरपूर वेळ मिळतो, आणि खिशात ठेवायच्या चाकूंवर बोलणारे परदेशातले दाढीवाले लोक त्यानं सगळे पाहिलेत. राहतो बदलापूर गावात, पण बोलतो असं की मागच्या दारी जंगल आणि जंगलात अस्वल. त्याचं म्हणणं, चाकू रोज अंगावर वागवता आला पाहिजे, एका हातानं उघडला पाहिजे, उघडल्यावर लॉक बसलं पाहिजे, आणि मूठ घामानं सटकता कामा नये. मी विचारलं, घाम चाकू काढण्याआधीच आला तर? त्यावर व्हिडिओ बघावा लागेल म्हणाला.

रविवारी आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेलो. कुलपं, कात्र्या, नेलकटर आणि चाकू एकाच काचेखाली मांडलेलं एक दुकान अवधूतला माहीत होतं. दुकानदार सिंधी, वयस्कर, चष्मा कपाळावर. मी दबक्या आवाजात म्हटलं, साईं, खिशातला चाकू दाखवा, जरा भीती वाटेल असा.

त्यांनी चष्मा खाली घेतला. "किसको? सामनेवाले को, या आपको?"

मी काचेखालच्या कुलपांकडे बघायला लागलो. त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी पहिला चाकू काढला तो उघडतच नव्हता. नुसती मूठ. काळी, जाडजूड, वर वाघाचं तोंड. अंदर कुछ नहीं है, म्हणाले, सिर्फ दिखाने का. जास्तीत जास्त गिऱ्हाईक हाच नेतं, आणि आजवर एकही परत आलेला नाही. मला विचारावंसं वाटलं, चाकू परत आला नाही की गिऱ्हाईक. दुसऱ्यात टॉर्च, कंगवा आणि बाटली उघडायची सोय होती. म्हणजे कमलेश अंगावर आलाच तर अंधारात भांग पाडून त्याला सोडा पाजता आला असता. तिसरा अवधूतला आवडला, बटण दाबलं की खटकन पातं बाहेर. मी दाबलं, ते आलं, आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की बाजूला कुलूप घेत असलेल्या बाईनं पिशवी छातीशी धरली. साईंनी तो चाकू माझ्या हातातून हळूच काढून घेतला. म्हणाले, ये आपके लिए नहीं है, और वैसे भी पुलिस पकड़ती है.

शेवटी हिरव्या मुठीचा एक साधा चाकू घेतला. बोटाएवढं पातं, पात्याला नखाची खाच. साईंनी त्यानं सफरचंदाची एक फोड कापून मला खायला दिली. म्हणाले, ज्याला फळ कापता येतं त्याला बाकीचं करायची वेळ येत नाही. ऐकायला छान वाटलं, पण ते काचेमागे बसणारे. त्यांच्या दुकानासमोर ॲक्टिव्हा नव्हती.

घरी येऊन चाकू उघडायला गेलो आणि कळलं की मला नखं नाहीत. समन्स आल्यापासून मी ती कुरतडून संपवली होती. खाचेत बोट नुसतं घसरायचं. दुकानात अवधूतनं उघडून दिला होता, हे आता आठवलं. मी दातानं बघितलं, दाराच्या फटीत घालून बघितलं. चमच्याच्या दांड्यानं उघडला. म्हणून दुसऱ्या दिवसापासून खिशात संरक्षणासाठी चाकू, आणि चाकूसाठी चमचा. संध्याकाळी सलूनसमोरून जाताना मी मनातल्या मनात तालीम केली. आधी डावा खिसा, मग उजवा, मग चमचा खाचेत, मग जोर. तोवर कमलेशच्या तीन शेंगा सोलून झाल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा चमचा खाली पडला. तो उतरला, चमचा उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. त्या रात्री मी जेवलो ते हातानंच.

अवधूतला सांगितलं तर तो म्हणाला की मग उघडाच ठेव. खिशात उघडा ठेवला तर पॅन्ट फाटते, आणि पॅन्टच फाटेल ह्याची खात्री नाही. हातात उघडा घेऊन स्टेशनवरून चालत यायला लागलो तर कमलेशच्या आधी पोलीसच नेतील. ह्यावर अवधूत थोडा वेळ एका खोक्याकडे बघत बसला. मग म्हणाला, उघडा चाकू हातात घेऊन भर रस्त्यात फिरणारा एकच माणूस असतो, ज्याला कुणी काही विचारत नाही. हळद लागलेला नवरा. त्यांच्याकडे हळद लागली की नवऱ्याच्या हातात चाकू देतात, टोकाला लिंबू खोचतात, आणि लग्न लागेपर्यंत तो खाली ठेवायचा नसतो. बाहेरची नजर, बाधा, काय असेल ते लांब राहतं. त्याच्या भावानं तर तो चाकू हातात धरूनच न्हाव्याकडून दाढी करून घेतली होती.

तो हे गमतीत म्हणाला. मी गमतीच्या पलीकडे गेलो होतो.

आमच्यात हे नसतं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे लग्न म्हणजे पांढरे कपडे, वंदना, आणि मामाचं भाषण. लिंबू लागतं ते जेवणात. त्यामुळे ह्या प्रकाराची मला फक्त अवधूतनं सांगितली तेवढीच माहिती होती, आणि अवधूतनं मला अर्धंच सांगितलं होतं. त्यानं लपवलं नाही. त्याला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही.

तारीख परवावर आली तेव्हा मी कंपनीतून निघताना टॉयलेटमध्ये कानाला, गालाला हळद लावली. डब्यातून नेली होती. चाकू चमच्यानं उघडला, टोकाला लिंबू खोचलं, आणि निघालो. लिंबामुळे चाकूपासून मला असलेला धोका संपला. इतरांना असलेलाही संपला, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं. स्टेशनबाहेर लोकांनी खरंच वाट दिली. एका रिक्षावाल्यानं नमस्कार केला. भाजीवाल्या बाईनं मात्र माझ्या मागे बघितलं, मग बाजूला बघितलं, मग काहीतरी चुकल्यासारखं तोंड केलं. मला वाटलं हळद कमी पडली.

सलून आलं. कमलेशनं शेंग तोंडाकडे नेली आणि तशीच धरून ठेवली. माझ्या हाताकडे बघितलं. लिंबाकडे बघितलं. मग आजवर कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. ॲक्टिव्हावरून उतरून तो सरळ माझ्या दिशेनं आला. माझे पाय तिथंच राहिले. चाकू माझ्या हातात होता, पण तो माझा आहे असं वाटेना. जणू कुणीतरी सांभाळायला दिलाय. तो इतका जवळ आला की शेंगदाण्याचा वास आला. मला आई आठवली, आणि आईनं दार आतून लावलं असेल का, हे आठवलं.

"एकटाच?" तो म्हणाला.

मी लिंबू थोडं पुढे केलं.

"येडा आहे का तू? हळदीचा नवरा एकटा सोडलाय? घरात कोणाला अक्कल आहे की नाही?"

हे ते अर्धं. हळद लागलेल्या नवऱ्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. बाजूला कायम कुणीतरी लागतं. चाकू नावाला, खरी राखण माणसाची. भाजीवाली तेच शोधत होती. आणि कमलेश कितीही काही असला तरी वळणाचा होता, हे आईचं बरोबर होतं. त्यानं माझा दंड धरला आणि माझ्याबरोबर चालायला लागला.

ज्या माणसापासून वाचायला मी चाकू घेतला तो माणूस आता मला राखत घरी नेत होता. उघडा चाकू आमच्या दोघांच्या मध्ये. त्याची बोटं दंडात रुतलेली, काळजीनं की कशानं ते समजत नव्हतं. गेट इतकं लांब कधीच नव्हतं.

"तुमच्यात पण असतं हे?" त्यानं विचारलं.

मुलीकडच्यांची अट आहे, असं मी म्हटलं. कुठली मुलगी? बदलापूर गावची. नातं कुणी जमवलं? अवधूतनं. इथपर्यंत खोटं पायाखाली येत गेलं. मग त्यानं लग्न कधी विचारलं, आणि कित्येक दिवस माझ्या डोक्यात एकच तारीख होती.

"परवा," मी म्हटलं. "अठ्ठावीसला."

तो थांबला. मीही थांबलो, दंड त्याच्याकडे होता.

"अठ्ठावीसला आपली तारीख आहे," तो म्हणाला. आपली. जणू आम्ही दोघं मिळून एखादी पूजा ठेवली होती.

"मुहूर्त तोच निघाला."

"मग तू मांडवात. कोर्टात नाही."

"नाही," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून इतकं पटकन निघालं की खोट्यासारखं वाटलंच नाही.

कमलेश हसला. दीड वर्षात मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले, छान होते. दंडावरची बोटं सुटली, खांद्यावर थाप पडली. मला जिन्यानं वर नेऊन त्यानं आईला दारात हाक मारली. काकू, ह्याला एकटं सोडू नका, दिवस चांगले नाहीत, म्हणाला. आणि उतरून गेला. आई माझ्या कानाकडे, चाकूकडे आणि लिंबाकडे बघत राहिली. मग तिनं लिंबू काढून घेतलं आणि विचारलं, सरबत करू का?

दुसऱ्या दिवशी सलूनसमोर ॲक्टिव्हा नव्हती. मी तिथून दोनदा गेलो, नुसता जाता येतं का बघायला. जाता येत होतं. हलकं वाटलं. संध्याकाळी दाराबाहेर एक खोका होता, वर चमकीचा कागद. मी सवयीनं आधी तो चौकोनी आहे का बघितलं. आत भिंतीवरचं घड्याळ, आणि काचेवर सोनेरी अक्षरांत लिहून घेतलेलं: शुभविवाह, कमलेश आणि मित्रमंडळ. घड्याळ नवं होतं. पावती नव्हती. ते चालू करूनच पाठवलं होतं.

मी ते कपाटात ठेवलं, आवाज आला. गादीखाली ठेवलं, तरी आवाज आला. म्हणजे हिशोब सरळ होता. उद्या कोर्टात गेलो नाही तर काहीच होणार नाही, ॲक्टिव्हा येणार नाही, नखं वाढतील. गेलो तर हे मित्रमंडळ.

दार वाजलं. मालिनीकाकू होत्या. त्या प्रसंगानंतर त्या फारशा घराबाहेर पडत नाहीत. गॅलरीत आल्या तरी पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, गळ्यात काही नसलं तरी. मनगट वाकडंच जुळलंय. त्या वाकड्या हातात त्यांनी नारळ आणला होता. म्हणाल्या, उद्या तुझं लग्न आहे म्हणे. छान झालं. मी उद्या एकटी जाऊन वकीलसाहेबांना सांगते, साक्षीदार मांडवात आहे.

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम आत गेली. मी म्हटलं, काकू, लग्नबिग्न काही नाही.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्यात लिंबू कधीपासून आलं?"

त्यांनी आग्रह केला नाही, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की त्या दिवशी मला नुसता रस्ता दिसला रे, अजून तोच दिसतो. चेहरा तुझ्याकडे आहे. मग त्यांना आतून टिकटिक ऐकू आली आणि ते काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या एकदम ताठ झाल्या. लग्न नाही तर आहेर ठेवून घेता येत नाही, म्हणाल्या. ज्याचा त्याला परत करायचा असतो. इतक्या ठामपणे त्या स्वतःच्या चेनबद्दलसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या.

सकाळी चाकू शोधला तर आई त्यानं कांदा कापत होती. पातं चांगलं आहे म्हणाली, आणि दिला नाही. तसाही कोर्टात आत सोडला नसता. मी सरबतातून वाचलेलं लिंबू तेवढं खिशात घेतलं, आणि घड्याळ पिशवीत. खाली काकू गेटपाशी उभ्या होत्या, पदर गुंडाळून. त्यांनी माझं मनगट धरलं ते उल्हासनगरला रिक्षातून उतरेपर्यंत सोडलं नाही. कोण कुणाला नेत होतं ते रिक्षावाल्यालाही सांगता आलं नसतं.

कोर्टाच्या दारातल्या शिपायानं पिशवी तपासली. हे काय? मी म्हटलं, आहेर. कुणाचा? आरोपीचा. त्या माणसानं घड्याळ कानाला लावलं, उलटं करून बघितलं आणि परत दिलं. रोज त्याच्या हातून काय काय जात असेल कोण जाणे.

कमलेश वऱ्हांड्यात त्याच्या वकिलाशेजारी उभा होता. मला बघून आधी त्याला कळलंच नाही. मग तो माझ्या कपाळाकडे, हाताकडे, मागे बघायला लागला. मांडव शोधत असल्यासारखा.

"लग्न?" तो म्हणाला.

"मोडलं."

"कोणी?"

काकूंची बोटं मनगटावर होती, वाकडी, गार. "मी," म्हटलं आणि पिशवीतून घड्याळ काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं. देणाऱ्याच्या हातातलं घ्यायचंच, ही सवय असते. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होतो. आला नाही. त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात पुकारा झाला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो घड्याळासकट मागे आरोपीच्या जागी जाऊन उभा राहिला. मी पिंजऱ्यात. न्यायाधीश मॅडमनी जरा मोठ्यानं बोला म्हणून दोनदा सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी गॅलरीतून जो इसम पाहिला तो इथं हजर आहे का?

सगळं कोर्ट शांत. टिकटिक चालू.

"आहे," मी म्हटलं. "तो. घड्याळ धरलेला."

पुढे त्याच्या वकिलानं मला बरंच झोडपलं. किती उंचीवरून पाहिलं, ऊन डोळ्यांवर होतं का, बनियन कुठल्या रंगाचं. सगळ्याची उत्तरं मी खिशातलं लिंबू दाबत दिली. बाहेर आलो तेव्हा पॅन्टवर ओला डाग होता. काकूंनी तो बघितला आणि काही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं की लिंबाचा आहे. त्या म्हणाल्या, असू दे रे, कशाचाही असला तरी.

आमची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. ॲक्टिव्हा आमच्या आधी पोचली होती. सलूनच्या आत, आरशाच्या वर, नवं घड्याळ लागलं होतं, शुभविवाहासकट. कमलेश त्याच्याखाली खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड. दाढी करून घेत होता. आरशातून त्यानं आम्हाला पाहिलं. मग मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. न्हाव्यानं वस्तरा बाजूला घेतला, मान खाली यायची वाट बघत.

गेट दिसत होतं. माझे पाय परत राहिले. काकूंचा हात पदराच्या गाठीवर गेला, तिथं थांबला, आणि त्यांनी गाठ सोडली. पदर गळ्यावरून खांद्यावर आला. गळ्यावर जुना ओरखडा होता, तो मी पहिल्यांदा पाहिला. आरशातल्या कमलेशनंही पाहिला असेल.

"चल," त्या म्हणाल्या. "सावकाश. पळायचं नाही."

आम्ही चाललो. मागून टरफलं फुंकल्यासारखा आवाज आला की वस्तरा पुसल्याचा, ते मी वळून बघितलं नाही.